ॲक्सेसमधील नोंदी सर्व्हरवर नेताना

सभासदांची यादी, पावत्या, मालाचा साठा यांच्या नोंदींसाठी अनेक लहान संस्थांमध्ये मायक्रोसॉफ्टची 'ॲक्सेस' ही प्रणाली वापरली जाते. १९९२ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली एकट्या संगणकावर उत्तम चालते. मात्र नोंदी वाढल्या आणि अनेक जण एकाच वेळी काम करू लागले, की तिच्या मर्यादा जाणवू लागतात. अशा वेळी डेटाबेस 'एसक्यूएल सर्व्हर'वर नेणे हा उपाय ठरतो. त्यासाठी केवळ फाइलची नक्कल पुरेशी नसून पूर्वतयारी आवश्यक असते.

स्थलांतर कशासाठी?

ॲक्सेसच्या एका फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. सामायिक फोल्डरमधील या फाइलवर प्रत्येक संगणक स्वतः लिहीत असतो. त्याच क्षणी वीज अथवा नेटवर्क खंडित झाल्यास संपूर्ण फाइल नादुरुस्त होऊ शकते. सर्व्हर प्रणालीत लिहिण्याचे काम एकटा सर्व्हर करतो. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये नोंदविला जात असल्याने अपुरा राहिलेला व्यवहार रद्द करता येतो. एसक्यूएल सर्व्हरची 'एक्स्प्रेस' आवृत्ती निःशुल्क असून २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेससाठी १० जीबीची मर्यादा आहे.

काय न्यावे, काय ठेवावे?

सर्व काही नव्याने बांधण्याची गरज नसते. टेबले सर्व्हरवर नेऊन फॉर्म आणि रिपोर्ट ॲक्सेसमध्येच ठेवता येतात. दोहोंना 'ओडीबीसी'द्वारे जोडले जाते. त्यामुळे कर्मचाऱ्यांना परिचित पडद्यांवरच काम करता येते.

आधी साफसफाई

प्रत्येक टेबलाला प्रायमरी की असल्याची खात्री करावी. ती नसल्यास जोडलेल्या टेबलातील नोंदी ॲक्सेसमधून बदलता येत नाहीत. तारखाही तपासाव्यात. २००५ ऐवजी चुकून २०५ असे वर्ष टाइप झाले, तरी ॲक्सेस ते स्वीकारते. एसक्यूएल सर्व्हरचा 'डेटटाइम' हा प्रकार मात्र १७५३ पूर्वीचे वर्ष नाकारतो.

मराठी मजकुराबाबत विशेष दक्षता हवी. देवनागरीसाठी 'एनव्हारचार' हा प्रकार निवडावा. साध्या 'व्हारचार'मध्ये अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठविली जाऊ शकतात आणि मूळ नाव परत मिळविता येत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपोआप युनिकोड होत नाही. त्याचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे लागते.

प्रत्यक्ष स्थलांतर

पूर्वी ॲक्सेसमध्येच असलेला 'अपसायझिंग विझार्ड' २०१३ च्या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. आता मायक्रोसॉफ्टचे 'एसक्यूएल सर्व्हर मायग्रेशन असिस्टंट' हे निःशुल्क साधन उपलब्ध आहे. अडचणींचा अहवाल ते आधीच देते. पहिला प्रयोग मूळ फाइलच्या प्रतीवर करावा.

स्थलांतरानंतर 'होय/नाही' प्रकारच्या रकान्यांत रिकामी किंमत राहू देऊ नये. शून्य ही मूळ किंमत ठरवून द्यावी. अन्यथा कोणी नोंद बदललेली नसतानाही दुसऱ्याने ती बदलल्याचा संदेश येतो. सर्व्हरवर लिहिलेल्या क्वेरींमध्ये तारांकनाऐवजी टक्क्याचे चिन्ह लागते, हेही ध्यानात ठेवावे.

पडताळणी आणि बॅकअप

प्रत्येक टेबलातील नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज जुन्या व नव्या ठिकाणी ताडून पाहावी. ताळा जुळेपर्यंत जुनी फाइल जपून ठेवावी. मात्र त्यात नव्या नोंदी करू नयेत, अन्यथा दोन हिशेब तयार होतात. एक्स्प्रेस आवृत्तीत ठरावीक वेळी आपोआप कामे करणारा 'एजंट' नसल्याने दैनंदिन बॅकअपसाठी विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'चा आधार घ्यावा. घेतलेला बॅकअप अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे हिताचे. सर्व्हर बंद पडल्यास संस्थेची सारी भिस्त त्यावरच असते.