प्लॉट ट्रस्टचे, शेजार लोकांचा

दादर टी.टी.ला ट्राम येईनाशी होऊन साठ वर्षं उलटली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि मुंबईतलं ट्रामचं युग संपलं. तरीही ‘ट्राम टर्मिनस’चा तो ‘टी.टी.’ टॅक्सीवाल्यांच्या आणि बसकंडक्टरांच्या तोंडी टिकून राहिला. या चौकात उभं राहिलं, की रस्त्याच्या एका अंगाला हिंदू कॉलनी लागते, दुसऱ्या अंगाला पारशी कॉलनी, आणि उत्तरेकडे चालत गेलं की माटुंगा, किंग्ज सर्कल. तिन्ही वस्त्या एकाच नकाशातून निघाल्या, एकाच संस्थेने त्यांचे रस्ते आखले आणि प्लॉट पाडले. मग एकीत आंबेमोहराचा वास, दुसरीत अग्यारीची घंटा आणि तिसरीत केळीच्या पानावरचं सांबार, असं कसं झालं? आखीव वस्तीत माणूस आपल्या राहणीला साजेसा भाग निवडतो, असं आपण सहज म्हणतो. दादर-माटुंग्याचा शंभर वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर ही निवड एकट्यादुकट्या माणसाची क्वचितच होती असं दिसतं. कुटुंबं घर पाहत होती हे खरं, पण त्याआधी ती शेजार पाहत होती. आणि तो शेजार पुरेसा मोठा असला तरच ‘आपली राहणी’ तिथे जगता येत होती.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत माणसं मुंबई सोडून पळू लागली. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. वाढण्यासाठीच जन्मलेल्या या शहराची माणसं दहा वर्षांत कमी झाली. सरकारला शहराची दाटी हेच रोगाचं मूळ वाटलं आणि १८९८ च्या कायद्याने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टच्या कामाला दोन बाजू होत्या. जुन्या शहरातल्या कोंदट गल्ल्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढायचे, ही एक. आणि उत्तरेला, बेटाच्या मोकळ्या टोकाकडे, नवी वसाहत उभी करायची, ही दुसरी. १८९९-१९०० मध्ये आखलेल्या दादर-माटुंगा-वडाळा-शीव योजनेत दादर-माटुंग्यात ६० हजार, शीव-माटुंग्यात तितकीच आणि शिवडी-वडाळ्यात ८५ हजार माणसं वसवायची असा अंदाज होता. तिथे तेव्हा भातखाचरं होती, माडांच्या वाड्या होत्या, जुनी गावठाणं होती. ती जमीन कायद्याने संपादित झाली. शहरी मध्यमवर्गाने पुढे ज्या जागेत निवड केली, ती जागा आधी ज्यांच्या हातची गेली त्यांना निवडीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवायला हवी.

ट्रस्टच्या मनातलं उपनगर हवा आणि उजेड यांचं होतं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. खोलीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेषा काढली, तर तिच्या आड समोरची इमारत येता कामा नये आणि आकाश दिसलं पाहिजे. साध्या हिशेबात सांगायचं तर दोन इमारतींमधली मोकळी जागा उंचीच्या निम्मी हवी. गिरगाव-भुलेश्वरच्या बोळांतून येणाऱ्या माणसाला हा नियम किती मोलाचा होता, हे त्या बोळांत दुपारी बाराला दिवा लावणाऱ्यांनाच कळलं असेल. पण हवा-उजेडाच्या ओढीने लोक धावत आले नाहीत. पहिली अनेक वर्षं रस्ते तयार होते आणि प्लॉट ओस होते. पहिल्या महायुद्धानंतर शहरात कारकून, शिक्षक, वकील, कंपन्यांतले हिशेबनीस वाढले, तेव्हा कुठे बांधकामांना वेग आला. आणि बांधलं गेलं ते ट्रस्टच्या स्वप्नातलं बागेसह टुमदार घर नव्हतंच. दोन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत भाड्याचे ‘ब्लॉक’ निघाले. घरातच नळ, घरातच न्हाणी, घरातच संडास. चाळीतल्या समाईक व्हरांड्यात वाढलेल्या कुटुंबासाठी दार लावून घेता येणं हा मोठाच बदल होता. ‘ब्लॉक’ हा शब्द मराठीत तेव्हाच रुजला आणि मुंबईकरांच्या पुढच्या दोन पिढ्या ‘फ्लॅट’ला ब्लॉकच म्हणत राहिल्या.

आता दार लावून घेता येऊ लागलं, तर शेजाराचं महत्त्व कमी व्हायला हवं होतं. घडलं उलट, आणि माझ्या युक्तिवादाचा गाभा तिथेच आहे. चाळीत शेजार आपोआप मिळत होता. ब्लॉकमध्ये तो निवडून घ्यावा लागत होता, म्हणूनच त्याची निवड जाणीवपूर्वक झाली. पारशी कॉलनीचं उदाहरण याबाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. मंचेरजी एडलजी जोशी हे ट्रस्टमध्येच इंजिनिअर होते. मध्यम उत्पन्नाच्या पारशांना दक्षिण मुंबईतल्या दाटीतून बाहेर काढायचं, तर सुटंसुटं काढून चालणार नाही, त्यांना एकत्र आणावं लागेल, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी ट्रस्टला पटवून १०३ प्लॉट पारशांसाठी राखून घेतले. मग घरं आली, शाळा आली, मैदान आलं, अग्यारी आली. मुंबईतल्या इतर पारशी ‘बागां’ना कुंपण आणि फाटक असतं. दादरची कॉलनी मात्र खुली राहिली. तिच्या रस्त्यांवरून कोणीही चालत जाऊ शकतो, आणि मधल्या पाच बागांत संध्याकाळी सगळ्या दादर-माटुंग्याची मुलं खेळतात. या बागांना आज जोशींचंच नाव आहे, मंचेरजी जोशी पंच उद्यान. नकाशातला बागांचा तुकडा नकाशा काढणाऱ्यांचा. पण कोण कोणाशेजारी राहील, हे एका माणसाच्या खटपटीने आणि त्याच्या समाजाच्या प्रतिसादाने ठरलं.

माटुंग्यात असा कोणी एक जोशी नव्हता, तरी तिथे हेच घडलं. मद्रास इलाख्यातून, म्हैसूर आणि त्रावणकोर-कोचीनमधून इंग्रजी शिकलेली तरुण मुलं टायपिस्ट, स्टेनो, हिशेबनीस म्हणून मुंबईत येत होती. त्यांना हवी असलेली गोष्ट चार भिंतींत मावणारी नव्हती. सकाळची कॉफी, सोवळ्यातलं जेवण, देवळातली पूजा, मुलांना शिकवणारी शाळा, मुलीला गाणं शिकवणारे गुरू हे सगळं पायी जाता येईल इतक्या अंतरात असायला हवं होतं. आणि एवढं सगळं टिकायला शे-दोनशे घरं पुरत नाहीत. म्हणून एक आला की त्याने दुसऱ्याला बोलावलं. आस्तिक समाजाचं मंदिर झालं, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४२ मध्ये रामा नायकांची उडपी खानावळ स्टेशनजवळ सुरू झाली. त्या खानावळीत पाटावर पान मांडून वाढायची रीत दूरदेशी आलेल्या एकट्या कारकुनाला घरासारखी वाटली असेल, यात शंका नाही. इथे अजून एक गोष्ट घडली, आणि अभ्यासकांनीही ती टिपली आहे. गावी असताना स्वतःला तमिळ अय्यर, पालघाटचे, मंगळूरचे, म्हैसूरचे म्हणवणारे लोक माटुंग्यात एकमेकांचे शेजारी झाल्यावर ‘साउथ इंडियन’ झाले. शेजाराने नुसती राहणी जपली नाही, ओळखही नव्याने घडवली. त्याआधी गावदेवीला सारस्वतांनी हाच मार्ग सहकाराने घेतला होता. श्रीपाद सुब्राव तळमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये निघालेली सारस्वत गृहनिर्माण संस्था देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात मानली जाते, आणि तिचा पायाही ‘आपली माणसं एकत्र’ हाच होता.

मराठी मध्यमवर्गाने हिंदू कॉलनी घेतली, आणि नंतर रेल्वेच्या पश्चिमेला शिवाजी पार्क. महापालिकेचं ‘माहीम पार्क’ १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, शिवाजी पार्क झालं. मैदानाच्या कडेने तीस-चाळीसच्या दशकांत इमारती उभ्या राहिल्या. इथेही शाळा, वाचनालयं, व्यायामशाळा, क्रिकेट आणि नाटकवाले एकमेकांना धरून आले. १९३७ मध्ये रुईया कॉलेज निघालं, त्याच्या आधी व्हीजेटीआय माटुंग्यात आलेली होती. शिक्षणावर भरवसा ठेवणाऱ्या वर्गाला आणखी काय हवं होतं!

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं भाड्याने ठरलं. ज्याला जेवढं परवडलं तो तिथे गेला, जातपात आणि भाषा ही वरवरची रंगरंगोटी. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ब्लॉकचं भाडं देऊ शकणारा कारकून आणि चाळीची खोली घेणारा गिरणीकामगार यांच्यातली रेषा पैशानेच ओढली होती. पण भाड्यावरून एवढंच कळतं, की कोण दादरला येऊ शकला. एकदा तिथे पोहोचल्यावर तो किंग्ज सर्कलला गेला की हिंदू कॉलनीत, हे भाड्यावरून कळत नाही. दोन्हीकडे घरं सारखी होती, भाडी फार वेगळी नव्हती, ट्राम आणि लोकल तीच होती. पैसा सारखा असताना माणसं वेगळ्या दिशांना गेली, त्याअर्थी ओढ दुसरी होती. दुसरा आक्षेप असा, की जातींच्या वाड्या गिरगावातही होत्याच, मग नवं काय? नवं हे, की गिरगावात वाडीचा मालक आणि नातं यांवर माणूस कुठे राहील ते ठरत होतं. इथे एका संस्थेने सर्वांसाठी सारखे नियम घालून दिले, आणि त्या सारखेपणाच्या आत समाजांनी आपापले कोपरे घडवले. हाच धागा पुढे नवी मुंबईतही दिसतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, सेक्टर पाडले गेले, सोडतीने घरं मिळाली, वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं एकत्र राहावीत असा प्रयत्न झाला. तरी घाऊक बाजार वाशीला हलला तेव्हा साताऱ्याकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत एकत्र वसले, आणि तिथल्या यात्रा, मंडळं, गावाकडची एस.टी. या सगळ्यांना त्यामुळेच आधार मिळाला.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, असूही नये. ‘आपली माणसं एकत्र’ याचा दुसरा अर्थ ‘बाकीचे बाहेर’ असा होतो. हे बाहेर ठेवणं इमारतींच्या बांधणीतही उतरलं. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना दिसतो. अरुंद, गंजलेला, प्रत्येक मजल्यावर संडासाच्या दाराशी थांबणारा. सफाई करणाऱ्याने घरातून जाऊ नये म्हणून तो होता. घरातला संडास ही ब्लॉकची शान, आणि तो धुणारा माणूस मागच्या जिन्याने. हवा-उजेडाचे सारे नियम पाळलेल्या त्या इमारतीत विटाळाचा नियमही काटेकोर पाळला गेला होता. कायद्याने पुढे काय केलं? अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारी पोटनियमाची अट वैध ठरवली. लहान समाजाला एकत्र राहण्याचा हक्क हवा, हे मला पटतं. पण बहुसंख्याकांच्या सोसायटीने जेवणावरून, नावावरून, आडनावावरून भाडेकरू नाकारणं ही त्याच तर्काची वाढ आहे, आणि ती अन्यायच आहे. समाज जपण्यासाठी लागणारा शेजार आणि दुसऱ्याला नाकारण्यासाठी वापरलेला शेजार, या दोन गोष्टी एकसारख्या दिसतात म्हणून एकसारख्या मानता येत नाहीत. जो संख्येने आणि सत्तेने दुबळा आहे त्याची एकत्र येण्याची गरज खरी. जो बळकट आहे त्याची बहुधा केवळ सवय.

याची साक्ष याच ट्रस्टच्या दोन पत्त्यांत मिळते. परळच्या पोयबावडीला ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या चाळीत, चाळ क्रमांक एकमध्ये, ५० आणि ५१ या समोरासमोरच्या दोन खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर दोन दशकं राहिले. शिक्षण, सभा, पत्रं, चळवळ, सगळं त्या दोन खोल्यांतून. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं, ‘राजगृह’. घर बांधताना त्यांच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी पुस्तकं होती. वर ग्रंथालय, खाली कुटुंब. आपल्या राहणीला साजेशी जागा निवडणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण या साऱ्या योजनेत दुसरं सापडत नाही. आणि ही निवड त्यांनी आपल्या माणसांच्या शेजाराविना केली, कारण तो शेजार त्या कॉलनीत नव्हताच. तो परळला, नायगावला, डिलाइल रोडला, चाळींत होता. डिसेंबर १९५६ मध्ये दिल्लीहून त्यांचं पार्थिव विमानाने मुंबईला आणून राजगृहात ठेवलं, तेव्हा त्या चाळींतली माणसं लाखांनी दादरला आली. ७ डिसेंबरला अंत्ययात्रा तिथून निघाली आणि दादरच्या चौपाटीवर पोहोचली. आजही ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबं चैत्यभूमीवरून दादर स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला येतात, हिंदू कॉलनीच्या गल्लीत शिरतात, आणि राजगृहाच्या दारात चपला काढून उभी राहतात.