चिता, कॅमेरा आणि बाप

अहमदपूरहून नांदेडकडे निघालं की वाटेत माळेगाव लागतं. खंडोबाच्या जत्रेचं गाव. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाने आमच्याकडच्या कितीतरी माणसांना पहिल्यांदा पडदा दाखवला. तंबूत मातीवर बसलेल्या पोरांचं निम्मं लक्ष पडद्यावर असायचं, निम्मं मागच्या मशीनवर. हा खेळ बनतो कसा, हे कुतूहल पुढे स्वतःच सिनेमाचा विषय झालं. त्याचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही.

२००० साली आलेला एलियास मर्हिगे यांचा 'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर' हा असाच एक सिनेमा. १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन भयपटाच्या चित्रीकरणाची ही कल्पित गोष्ट. दिग्दर्शक मुर्नाऊने पिशाच्चाच्या भूमिकेसाठी खरंच पिशाच्च आणलं आहे, आणि बदल्यात त्याला नायिका देऊ केली आहे. माणसं मरत राहतात, मुर्नाऊ कॅमेरा थांबवत नाही. विलेम डफोने ते पिशाच्च अफाट रंगवलं आहे. पण शेवटी थरकाप होतो तो दिग्दर्शकाला पाहून.

आपल्याकडचा याचा जवळचा भाऊबंद म्हणजे परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९), म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट कसा बनला त्याची गोष्ट. सिनेमात काम करणं कमीपणाचं वाटण्याच्या त्या काळात दादासाहेब फाळके आपल्या माणसांना सांगत, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. नाव तिथून आलं. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुवायच्या, तिला भोकं पाडायच्या. मोकाशींनी हे सगळं हसतंखेळतं सांगितलं, आणि ते त्या धडपडीला शोभलंही.

पण त्याच चित्रीकरणाची एक काळी बाजू आहे. वांगणीला बाहेरचं चित्रण चालू असताना रोहिताश्वाचं काम करणारा भालचंद्र, म्हणजे फाळक्यांचा स्वतःचा मुलगा, खेळताना पडला. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध झाला. त्याला मुंबईला न्या, असं सोबतची माणसं म्हणाली. रोहिताश्वाच्या मृत्यूनंतरचं चितेवरचं दृश्य मात्र घ्यायचं राहिलं होतं. फाळक्यांनी बेशुद्ध पोराला तसंच ठेवून ते चित्रित केलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. ज्या कथेत राजा सत्यापायी पोराला गमावतो, ती कथा घेताना बापाने पोराला चितेवर निजवलं. मर्हिगेंना त्यांचा मुर्नाऊ कल्पनेतून उभा करावा लागला. वांगणीत तो हाडामांसाचा होता. तरी फाळक्यांना क्रूर म्हणायला मन धजत नाही. या माणसाने आधी स्वतःलाच पणाला लावलं होतं. रात्रंदिवस सिनेमे पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले होते. चितेजवळ आले तेव्हा त्यांच्याकडे परत फिरायची वाटच उरली नव्हती, असं मला वाटतं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. मूळच्या सुमारे ३७०० फुटांपैकी आज थोडीच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. त्याच सुमारास फाळक्यांनी आणखी एक काम केलं: सिनेमा कसा बनतो हे दाखवणारा छोटा चित्रपट काढला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना, फिल्म जोडताना दिसतात. मशीनकडे वळून पाहणाऱ्या पोरांना पहिलं उत्तर त्यांनीच दिलं होतं. त्या चित्रपटाचा काही भाग टिकून आहे.

अहमदपुरात कुठल्या शाळेत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवणार असाल, तर आधी ती जुनी चार-दोन मिनिटं दाखवा. आणि पोरं मोठी असतील तर वांगणीची हकीकतही सांगा.