कमानीचा धंदा

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचं काम. वडील कोल्हापुरी शिवायचे. मी मात्र इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि लोकांच्या पायांचे प्लास्टरचे साचे घेता घेता निवृत्त झालो. त्यामुळे बुटात सरकवायच्या कमानदार इनसोलबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. ही वस्तू काढली डॉक्टरांनी, पण तिला बाळसं आणलं दुकानदारांनी.

आमच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणून मी लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसचं नाव घेतो. एकोणिसाव्या शतकातला हा माणूस वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. बाप बिनपदवीचा, म्हणून पोराला मुद्दाम डॉक्टर केलं. पोरगा डॉक्टर झाला, पण रक्त हाडवैद्याचंच राहिलं. दवाखान्याला जोडूनच त्याने लोहारकाम आणि चामड्याचं काम चालवलं. ज्याचा तळवा आत खचतो त्याच्या बुटाच्या टाचेची आतली कड थोडी पुढे वाढवायची आणि किंचित उंच करायची, एवढाच त्याचा उपाय. 'थॉमस हील' या नावाने आम्ही तो परवापरवापर्यंत करत होतो. रापी, चामड्याचा तुकडा आणि सोल्यूशन, एवढ्यावर काम होतं.

थॉमसनंतर न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमनने पोलादी पत्र्याची पट्टी आणली. तीही पायाचा साचा घेऊन, त्यावर ठोकून बनवलेली. आराम देणं हा तिचा हेतूच नव्हता. पाय आत कलला की कड टोचायची आणि माणूस आपोआप पाय सावरायचा. असलं औषध गिऱ्हाइकाला आवडणं कठीण.

मग आला विल्यम शोल. हा १८८२ साली इंडियानातल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मला, चांभाराच्या हाताखाली शिकला आणि शिकागोत बुटाच्या दुकानात नोकरीला लागला. तिथे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक बूट काढलं की पाय चोळत बसतं, हे त्याने पाहिलं. नोकरी करत तो वैद्यकशाळेत शिकला आणि १९०४ मध्ये त्याने 'फूट-ईझर' नावाच्या कमान-आधाराचं पेटंट मागितलं. पुढची साठ वर्षं त्याने जे केलं ते वैद्यकाच्या नव्हे, विक्रीच्या शाळेत शिकवावं. दुकानदाराकडे जाताना तो माणसाच्या पायाचा सांगाडा बरोबर न्यायचा. तो काउंटरवर ठेवला की बोलणं आपोआप सुरू व्हायचं. बूट विकणाऱ्या पोरांसाठी त्याने पायांच्या शास्त्राचा अभ्यासक्रम काढला. पायाचा शाईचा ठसा घेणारी पेटी दुकानादुकानांत ठेवली. गिऱ्हाइकाने ठसा द्यायचा, विक्रेत्याने त्यावर पेन्सिल टेकवून मान हलवायची.

या ठशाची गंमत बघा. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवला की तोच ठसा फुकटात मिळतो. कमान चांगली असेल तर मधला भाग कोरडा, सपाट असेल तर अख्खा पाय उमटतो. आपल्याकडे मुठीची कड पिठात बुडवून लक्ष्मीची पावलं काढतात, तीही मध्ये कशी बारीक येतात. सपाट पावलांची लक्ष्मी मी अजून कुणाच्या उंबऱ्यात पाहिली नाही. पण अख्खा पाय उमटला म्हणजे तो पाय आजारी, हे कुणी ठरवलं? शोलच्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण दुकानात शिरेपर्यंत मजेत चालत असणार.

सैन्यानेही तीच भीती धरली. सपाट तळव्याचा जवान लांबच्या कूचमध्ये गळतो, म्हणून त्याला भरतीतच बाजूला काढायचं. आपल्याकडे पहाटे डांबरी रस्त्यावर पळून तयारी करणाऱ्या पोरांना ही तपासणी आजही ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्यातल्या हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी साडेतीन हजारांहून अधिक जवानांचे पाय तपासले आणि १९४७ मध्ये अहवाल छापला. लवचिक सपाट पाय हा बहुतेकांच्या बाबतीत निव्वळ पायाचा एक आकार आहे, त्याने माणूस अडत नाही, असं त्यांना दिसलं. आखडलेला, दुखरा सपाट पाय ही वेगळी गोष्ट. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांचे ठसे घेतले. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट, चपला-सँडलवाल्यांची बरी. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त तंबाखू मळली. कोल्हापुरीचा तळ सपाटच असतो. तेल लावून, घालून घालून त्यात ज्याचा त्याचा पाय उमटतो.

म्हणजे इनसोल थोतांड, असं मी म्हणत नाही. सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाचेत सणक जाते, त्यांना त्याने काही महिने बरं वाटतं. पण २००६ मध्ये छापलेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत साचा घेऊन बनवलेला आणि तयार मिळणारा असे दोन्ही तळ जवळपास सारखेच ठरले, आणि वर्षाअखेरीस खोट्या तळापेक्षाही फार सरस राहिले नाहीत. साचे घेऊनच पोट भरलेल्या माणसाने हे सांगावं, यात थोडी गंमत आहे.

आमच्या कामाची खरी किंमत मला कळली ती बधिर पायांवर. पॉल ब्रँड हा तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेला शल्यविशारद. १९४६ मध्ये तो वेल्लोरला आला. कुष्ठरोग्याचे तळवे जंतूमुळे सडत नाहीत, दुखतच नाही म्हणून तो खडा तुडवत राहतो आणि जखम होते, हे त्याने दाखवून दिलं. उपाय पायताणात होता: वर बारीक बुडबुड्यांचं मऊ रबर, म्हणजे एमसीआर, आणि खाली काटा आत शिरणार नाही असा कडक तळ. खिळा एकही मारायचा नाही. मागे पट्टा हवाच, कारण चप्पल निसटली तरी बधिर पायाला कळत नाही. इथे कमानीचा आधार तळव्याला उचलण्यासाठी नसतो, भार जास्त जागेवर पसरवण्यासाठी असतो. भार कुठे एकवटतो ते पाहायला खाचांच्या रबरी चटईवर ठसा घ्यायचा. जिथे दाब जास्त, तिथे शाई गडद. आणि ही चटई कुणाची, तर जवानांचे पाय मोजणाऱ्या त्याच हॅरिसची.

एमसीआरच्या चपलेचं एक दुखणं होतं. ती लांबून ओळखू यायची. पेशंट वॉर्डात घालायचे आणि एसटीत बसण्याआधी काढून पिशवीत टाकायचे. म्हणून आम्ही तेच रबर बाजारातल्या साध्या सँडलच्या आत बसवायला लागलो. आता मधुमेहाने पाय बधिर झालेले लोक येतात, त्यांनाही तेच लागतं. दुकानात त्याच रबराला 'डायबेटिक चप्पल' म्हणतात आणि लोक चार पैसे जास्त मोजून ती खुशाल लग्नाला घालून जातात.