कोळशाचे सहा तास

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली तेव्हा तिच्या पोटात मावायला हवा त्याच्या दुप्पट कोळसा भरलेला होता. ४११ टनांची ही बोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली, आत ८० अश्वशक्तीची दोन इंजिने. कोळशाची कोठी साडेपाच दिवसांपुरती आणि एडन सोळाशे मैलांपलीकडे; म्हणून माणसांच्या खोल्यांतही कोळसाच रचला गेला. अकराव्या दिवशी बोट एडनला लागली तेव्हा भट्ट्यांना जेमतेम सहा तास पुरेल इतके इंधन उरले होते. सुएझ गाठेपर्यंत एकूण ३३ दिवस लागले आणि त्यांतले १२ दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेले. आगबोटीने हा मार्ग कापता येतो हे या सफरीने दाखवून दिले. त्याचे श्रेय कप्तान जॉन विल्सन यांना मिळाले, ते रास्तच आहे. पण ते सहा तास शिल्लक कसे राहिले, हे डेकवर उभे राहून कळत नाही. त्यासाठी खाली भट्टीपाशी उतरावे लागते.

त्या काळी बॉयलरात समुद्राचेच पाणी घालत. वाफ निघून जाई, मीठ मागे राही. क्षाराचा थर पत्र्यावर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नसे आणि पत्रा तापून लाल होई, फुगे. म्हणून दर काही वेळाने आतले खारट झालेले गरम पाणी समुद्रात सोडून ताजे भरावे लागे. जास्त सोडले तर कोळसा जाळून मिळवलेली उष्णताच वाया गेली, कमी सोडले तर पत्रा जळाला. म्हणजे मिठाबद्दलचा प्रत्येक निर्णय हा कोळशाबद्दलचाही निर्णय होता. भट्टीत कोळसा पातळ आणि सारखा पसरायचा, खाली धरलेले खंगर वेळीच फोडून ओढायचे, दार उघडे राहील तितका वेळ गार वारा आत शिरतो हे ध्यानात ठेवायचे. फिरत्या इंजिनाचा ताल साधून बेअरिंगवर हात टेकवायचा आणि तेल कमी पडते आहे का ते तळव्याने ओळखायचे. समुद्रावरच्या इंजिनिअरच्या धीराबद्दल आपण बोलतो तेव्हा तो धीर जन्मजात स्वभाव असल्यासारखे बोलतो. मला वाटते, इथे क्रम उलटा लावला जातो. बिघाड झाल्यावर आता पुढची तीन कामे कोणती हे ज्याच्या हाताला ठाऊक असते, त्याचेच मन जागेवर राहते. हुन्नर आधी येतो, धीर त्याच्या मागून. हा निव्वळ शब्दांचा वाद असता तर सोडून देता आला असता. पण मुंबईच्या दर्यावर्दी इतिहासात ‘स्वभावा’च्या या समजुतीने माणसांवर दोनदा अन्याय केला आहे.

पहिला अन्याय अर्देशीर करसेटजी वाडिया यांच्यावर झाला. जहाजे बांधणाऱ्या घराण्यात १८०८ साली जन्मलेल्या या माणसाने १८३३ मध्ये ‘इंडस’ या छोट्या जहाजावर वाफेचे इंजिन बसवले. १८३९ साली ते विलायतेला गेले आणि तिथल्या इंजिनांच्या कारखान्यांत काम शिकले. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले आणि त्याच वर्षी कंपनी सरकारच्या मुंबईतल्या आगबोट कारखान्याचे मुख्य इंजिनिअर. हाताखाली गोरे इंजिनिअर होते, गोरे बॉयलर-कारागीर होते. ‘बॉम्बे टाइम्स’ने हरकत घेतली. तिचा आशय असा, की नेटिव्ह माणूस कितीही हुशार असला तरी गोऱ्यांवर हुकमत चालवणे त्याला झेपायचे नाही. बुद्धी मान्य, पिंड अमान्य. अर्देशीर त्यानंतर १८५७ पर्यंत, सोळा वर्षे, त्या खुर्चीवर होते. यावर कोणी म्हणेल, वाडियांचे उदाहरण कशाला, तिथे घराण्याची पुण्याई होती. होती, पण ती लाकडाची आणि शिडांची होती. वाफ त्या घराण्यालाही परकीच होती. वयाच्या तिशीत, नावलौकिक असताना, परक्या देशातल्या कारखान्यात जाऊन नव्याने शिकायला बसणे हे मला रॉयल सोसायटीच्या फेलोपणाहून मोठे वाटते.

दुसरा अन्याय जास्त माणसांवर आणि जास्त काळ झाला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातून आगबोटींची रांग लागली. बोटीवर कामांची वाटणी ठरलेली असे: मुंबईत भरती होणाऱ्यांत डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे, इंजिनात पठाण आणि पंजाबी. तिथे सारंगाच्या हाताखाली आगवाला, तेलवाला आणि कोठीतून कोळसा ओढून आणणारा कोयलावाला. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण तिसरा ते पाचवा हिस्सा. आणि समर्थन काय, तर या लोकांना उष्णता जन्मतःच सोसते! अर्देशीरना वर चढू न देण्यासाठी जे कारण पुढे केले, तेच इथे माणसांना खाली डांबण्यासाठी वापरले गेले. कामगारांची बाजू घेणारे म्हणतात, की खंबीरपणाचे गोडवे गाणे म्हणजे शोषणावर पांघरूण घालणे. त्यांचा आक्षेप अगदी योग्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. सोसणे हा स्वभाव ठरला की त्याचे दाम मोजावे लागत नाहीत. भट्टी सांभाळणे हे कसब आहे असे मानले, की ते शिकवावे लागते, त्याला दाखला द्यावा लागतो, मोबदला द्यावा लागतो. ब्रिटनने १८६२ च्या कायद्याने इंजिनिअरांना प्रमाणपत्रे सक्तीची केली. ज्याच्या फावड्यावर त्या इंजिनिअरची वाफ अवलंबून होती, त्या आगवाल्याच्या ज्ञानाला मात्र तसा मान मिळाला नाही.

शिकवण्याची सोय इथे फार उशिरा झाली. माझगावसमोर नांगरलेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर १९२७ पासून डेकचे उमेदवार तयार होऊ लागले. इंजिनिअरिंगच्या उमेदवारांना १९३५ पर्यंत थांबावे लागले. १९४९ साली कलकत्ता आणि मुंबई इथे सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. वर्गाइतकेच महत्त्व वर्कशॉपला असावे हा तिचा पाया होता, आणि तो बरोबर होता.

आता यंत्रे स्वतःची काळजी घेतात, रात्री इंजिनरूममध्ये माणूसही लागत नाही, अडचण आली तर किनाऱ्याशी उपग्रहावरून बोलता येते. मग हाताच्या ज्ञानाची महती कशाला? या प्रश्नाला २६ मार्च २०२४ ची रात्र उत्तर देते. ‘डाली’ या अवाढव्य कंटेनर जहाजाची वीज बाल्टिमोर बंदरातून निघताना गेली. तपासात कारण निघाले ते एका सैल तारेचे: तिच्यावरची नावाची पट्टी चुकीच्या जागी बसवल्यामुळे ती जोडणीत पुरती शिरलीच नव्हती. वीज परत आली आणि पुन्हा गेली, कारण जनित्रांना तेल पुरवायला असा पंप लावलेला होता, जो एकदा बंद पडला की आपोआप सुरू होत नाही. जहाज पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर मेले. मोठ्या पडद्यावर जी तार दिसत नाही ती एकेक जोडणी ओढून पाहणाऱ्या बोटांना सापडते. पण पंपाची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. ज्याने भागते ते वापरणे, याला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो आणि व्यवहारज्ञान समजतो. ते व्यवहारज्ञान नव्हे. अंधार पडल्यावर कोणता पंप आपोआप सुरू होईल आणि कोणता होणार नाही हे उजेड असतानाच ठाऊक असणे, हे व्यवहारज्ञान. एडनच्या वाटेवर कोळसा मोजणाऱ्यांकडे ते होते.

‘डाली’वरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पुलाच्या सांगाड्याखाली जहाज जवळपास आठ आठवडे अडकून राहिले आणि तेवढा काळ ते जहाजावरच थांबले. १३ मे रोजी नाळेवर पडलेला पोलादी तुकडा सुरुंगांनी तोडला तेव्हाही ते आतच होते. आग लागली किंवा पाणी शिरले तर जहाज ओळखणारे हात जवळ असावेत म्हणून.