‘रायडिंग’मधला हरवलेला ‘ट’



ओटावात निवडणूक आली की दारावर आलेला कार्यकर्ता हमखास विचारतो, “तुमचं रायडिंग कोणतं?” नवा माणूस गोंधळतो. मतदानात घोडा कुठून आला? काही जण तर ठासून सांगतात, घोड्यावरून दिवसभरात जेवढा मुलूख फिरून होई, तेवढं एक रायडिंग. गोष्ट छान, पण खरी नाही. कॅनडात रायडिंग म्हणजे मतदारसंघ, आणि शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘तिसरा हिस्सा’.

८६६ साली व्हायकिंगांनी इंग्लंडमधलं यॉर्क शहर घेतलं. त्यांच्या नॉर्स भाषेत तिसऱ्या हिश्शाला ‘थ्रिदयुंग’सारखा शब्द होता. त्यातला ‘थ्रि’ आणि आपला ‘त्रि’ एकाच कुळातले! यॉर्कशायरचे तीन भाग होते: नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट. इंग्रजांच्या तोंडी शब्द ‘ट्रायडिंग’सारखा झाला. आता ‘वेस्ट ट्रायडिंग’ भरभर म्हणून पाहा. दुसरा ‘ट’ पहिल्यात विरघळतो आणि उरतं ‘रायडिंग’.

१७९२ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ग्रेव्ह्ज सिमको यांनी अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओत, निवडणुकीसाठी परगणे पाडले. ओटावाच्या पूर्वेकडच्या ग्लेनगॅरीची दोन रायडिंग झाली, नायगाराकडच्या लिंकनची चार. ‘तिसरा हिस्सा’ हा अर्थ तिथेच संपला. ‘हिस्सा’ तेवढा उरला. १८६७ च्या घटना कायद्यातही हा शब्द आहे. यॉर्कशायरची तीन रायडिंग १९७४ मध्ये कारभारातून गेली. कॅनडात सरकारी कागदावर ‘इलेक्टोरल डिस्ट्रिक्ट’ असलं, तरी लोकांच्या तोंडी रायडिंगच आहे.

आणि हा हिस्सा कायमचा ठरलेला नसतो. दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर, प्रत्येक प्रांतात स्वतंत्र आयोग सीमा नव्याने आखतो. लोकवस्ती वाढते, सरकते. मताचं वजन शक्य तितकं सारखं राहावं, हा हेतू. २०२५ च्या निवडणुकीत संसदेच्या जागा ३३८ वरून ३४३ झाल्या. ओटावात कानाटा, नेपियन, कार्लटन इथल्या सीमा हलल्या. काहींनी घर बदललं नाही, तरी त्यांचं रायडिंग बदललं.

तेव्हा मंडळी, नागरिकत्वाची शपथ घेतली असेल, तर आपला पत्ता कोणत्या रायडिंगमध्ये येतो ते इलेक्शन्स कॅनडाच्या संकेतस्थळावर जरूर पाहा. संसदेतला तुमचा हिस्सा तोच आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!