डॉर्सेट कर्सस : दहा किलोमीटर लांबीचे कोडे

दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात क्रॅनबोर्न चेस हा उंचवट्याचा प्रदेश आहे. वर मातीचा पातळ थर आणि खाली खडूचा पांढरा, मऊ खडक. याच भूमीवर नवाश्मयुगीन शेतकरी-पशुपालकांनी इसवी सनपूर्व ३३००च्या सुमारास एक अजस्र रचना उभारली. ती 'डॉर्सेट कर्सस' या नावाने ओळखली जाते.

रचना तशी साधी आहे. सुमारे १०० मीटर अंतरावर दोन समांतर बांध, प्रत्येकाच्या बाहेरील बाजूस खंदक आणि दोन्ही टोके बंद. खंदकातून निघालेला खडूच बांधावर टाकला जाई. थिकथॉर्न डाउनपासून मार्टिन डाउनपर्यंत तिची लांबी जवळपास दहा किलोमीटर भरते. दोन कर्सस टोकाला टोक जोडून ती पूर्ण झाली, असे अभ्यासक मानतात. धातूची अवजारे नसलेल्या त्या काळात खोदाईसाठी हरणांच्या शिंगांचा कुदळीसारखा वापर होत असे. नव्याने रचलेले बांध हिरव्या माळावर पांढरेशुभ्र दिसत असणार.

'कर्सस' हा लॅटिन शब्द शर्यतीच्या धावपट्टीसाठी वापरला जाई. विल्यम स्टकली यांनी १७२३ मध्ये स्टोनहेंजजवळ अशीच एक रचना पाहिली आणि ती रोमनांची शर्यतभूमी असावी, असा तर्क केला. तो चुकीचा ठरला. या रचना रोमनांपेक्षा तीन हजारांहून अधिक वर्षे जुन्या निघाल्या. नाव मात्र तेच राहिले.

मग प्रयोजन काय? संरक्षणासाठी ही रचना निरुपयोगी, आणि तिच्या आत गाव वसल्याच्या खुणाही नाहीत. एक दुवा मात्र बोलका आहे. गसेज डाउनवरील मृतांचे एक प्राचीन लांबट टेकाड या दोन बांधांच्या मधोमध घेतलेले आहे. बॉटलबुश डाउनवरून पाहिल्यास मध्यहिवाळ्यात सूर्य त्याच टेकाडामागे मावळतो. त्यामुळे पूर्वजांच्या स्मरणाशी निगडित मिरवणुकीचा हा मार्ग असावा, असे मत मांडले जाते. लेखी पुरावा नसल्याने ते अनुमानच राहते.

थिकथॉर्नच्या टोकाला बांध आजही दिसतो. अन्यत्र नांगराने तो बहुतांशी सपाट केला आहे. बुजलेल्या खंदकावरील पीक वेगळे वाढते, म्हणून विमानातून काढलेल्या छायाचित्रांत त्याच्या रेषा उमटतात. कोडे सोडविणारे पुरावे याच बुजलेल्या खंदकांत आहेत. त्यामुळे नांगराच्या प्रत्येक खोल फाळाबरोबर उत्तराची शक्यताही कमी होत जाते.