कापूस गेला त्या वाटेनं मुंबई

वऱ्हाडातून उन्हाळ्यात मुंबई पाहायला निघालेल्या माणसाला काय काय पाहणार म्हणून विचारा. व्हीटी, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, गेटवे, मत्स्यालय, चौपाटीवरची भेळ, दुमजली बस अशी नावं तो एका दमात सांगेल. ही यादी शाळेत कोणी शिकवलेली नाही. आजोबांनी जे पाहिलं ते वडिलांना सांगितलं, वडिलांनी मुलांना. जऊळका हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचं स्टेशनाचं गाव. तिथेही हीच यादी चालते. ती कुठून आली याचा माग काढत गेलं की वाट पुन्हा आपल्याच शेतात, पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, ओळींत येऊन पोचते.

आधी उन्हाळाच का, ते पाहू. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि फरदड धरून फार तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत रेटते. मग पऱ्हाट्या उपटायच्या, वखरण करायची आणि मृगाची वाट पाहायची. मधले दीड-दोन महिने हाताला काम कमी आणि अडतीकडून आलेले चार पैसे गाठीला. शाळांनी मे महिन्याची सुट्टी पुढे आणली, पण मोकळीक त्याआधीपासूनची, पराटीची आहे. त्यात इथला पारा ४४च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मुंबईत घामाच्या धारा लागतात हे खरं. तरी संध्याकाळी समुद्रावरून येणारं वारं वऱ्हाडी माणसाला न्यारंच वाटतं.

आता मागे जाऊ. दोनशे वर्षांपूर्वी वऱ्हाड निजामाच्या मुलखात होतं आणि इथला कापूस मुंबईला जातच नव्हता. बैलांच्या पाठीवर लादून तो उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. ही वाहतूक करणारे बंजाऱ्यांचे तांडे आपल्या ओळखीचे आहेत, त्यांची पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे. १८२५-२६च्या सुमारास पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीनं वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईकडे वळवला. बैलांचे तांडे घाट उतरून किनाऱ्याला लागू लागले. महिनोन्‌महिने चालणारा तो प्रवास, वाटेत धूळ, अवकाळी पाऊस, नद्यांचे उतार. बंदरावर पोचेतो कापसाचा रंग गेलेला असे.

पोचल्यावर तो कुठे पडत असे? आज हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे त्या मैदानावर. किल्ल्याच्या आत, सेंट थॉमस चर्चसमोरच्या या मोकळ्या जागेत कापसाच्या गठाणी उघड्यावर रचलेल्या असत. आगीची भीती आणि येण्याजाण्याची अडचण झाली, तेव्हा १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. हॉर्निमन सर्कलच्या बाकावर बसून डबा सोडणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबाला हे कोणीतरी सांगायला हवं. त्या जागेवर त्यांच्याआधी त्यांच्या मुलखातला माल येऊन बसला होता.

१८५३ हे साल मला या सगळ्या कथेचा सांधा वाटतं. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि पुढच्याच महिन्यात निजामानं तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. ही केवळ योगायोगाची जुळणी नव्हती. इंग्लंडातल्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज दुसरीकडचा कापूस हवा होता, आणि त्यासाठी काळी जमीन आणि रूळ दोन्ही लागणार होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि मुंबईत भावाला पंख फुटले. चार वर्षं शहरात पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र पुढे सरकतच राहिले. १८६७ मध्ये गाडी अकोल्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब–खामगाव फाटा केवळ कापसासाठी टाकला गेला. जो माल महिने खात असे तो आता दीड-दोन दिवसांत धक्क्यावर येऊ लागला.

यादीतली जुनी नावं या वर्षांशेजारी मांडून पाहावीत. राणीचा बाग १८६२ चा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि ते मुळात राणीच्या बागेतच बसायचं होतं. क्रॉफर्ड मार्केट १८६९, बागेतलं संग्रहालय १८७२, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८. टॉवरसाठी दोन लाख देणारे प्रेमचंद रायचंद हे त्या कापूस-तेजीचे सगळ्यांत मोठे खेळाडू, आणि राजाबाई ही त्यांची आई. या वास्तूंतला सगळा पैसा वऱ्हाडचा नव्हता. खानदेश, गुजरात, धारवाड इथला कापूसही त्यात होता, अफूचा व्यापारही होता. पण ज्या उधाणावर ही मुंबई उभी राहिली, त्यात काळ्या मातीच्या मुलखाचा वाटा मोठा होता, आणि तो वाटा देणारा शेतकरी त्या उत्सवात कुठेच नव्हता. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर शेतात राबणारे शेतकरी दगडात कोरले आहेत. कोरून घेणारे जे. जे. कलाशाळेचे जॉन लॉकवुड किपलिंग. त्या शेतात गहू आहे, कापूस नाही.

याच तेजीत, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ छापलं गेलं. मराठीत एखाद्या शहरावर लिहिलेलं हे पहिलं मोठं पुस्तक. माडगावकर लहानपणी गोव्याहून मुंबईत आले. म्हणजे मुंबई कशी पाहावी हे मराठी माणसाला पहिल्यांदा सविस्तर सांगितलं ते बाहेरून आलेल्या माणसानं, आणि नेमकं किल्ल्याचा तट पाडला जात होता तेव्हा. जुनं जातंय आणि नवं अजून उभं राहायचंय, अशा वेळचं ते पाहणं आहे.

राणीच्या बागेत प्राणी पाहायला जाणारे शेजारच्या संग्रहालयात जात नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्या खटपटीतून ते उभं राहिलं. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. आत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. जातीजातींच्या पगड्या, नेसण्याच्या तऱ्हा, कारागिरांचे धंदे त्यांत बारकाईनं दाखवले आहेत. बाहेर अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा नाव पडलं तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. जवळ जाऊन पाहिलं की सांधे दिसतात. लेकरांना जिवंत प्राण्यांइतकाच वेळ या हत्तीपुढे उभं करायला हवं.

मग वऱ्हाडातून मुंबईला जायचं कोण? एकोणिसाव्या शतकात अडते, दलाल, वकील, थोडे मोठे जमीनदार. कुणब्याचा कापूस जायचा, कुणबी घरीच राहायचा. पुढे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि त्याची राजधानी नागपूर झाली. कोर्टकचेरी, सरकारदरबार सगळं तिकडे. मुंबई वऱ्हाडाची राजधानी झाली ती १ नोव्हेंबर १९५६ला, द्विभाषिक राज्यात. तोवर मुंबईला जाण्याचं सामान्य माणसाला कारणच नव्हतं. १९५६ नंतर ते मिळालं. मंत्रालयातलं काम, बदलीचा अर्ज, पोराच्या नोकरीची मुलाखत. आपल्या आमदाराची चिठ्ठी घेऊन आकाशवाणी आमदार निवासात उतरायचं, सकाळी काम आणि दुपारनंतर मुंबई. ज्याचा भाऊबंद परळच्या चाळीत तो तिथे उतरायचा. विदर्भातल्या किती घरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो अशाच चिठ्ठीच्या जोरावर.

स्वातंत्र्यानंतर जऊळक्यावरून जाणारा खांडवा–हिंगोली मीटरगेज मार्ग पुरा झाला, तेव्हा अकोल्याची वाट रुळांवरून मिळाली. छोट्या गाडीनं अकोल्याला उतरायचं, सामान डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीची वाट पाहायची. सामानात वळकटी, आणि फिरकीचा तांब्या. घट्ट बसणाऱ्या आट्याच्या झाकणाचा, वर पितळी कडी असलेला. गाडी कितीही हलली तरी थेंब सांडायचा नाही. शिदोरीत दशम्या, तिळाची चटणी, ठेचा, कैरीचा टक्कू, म्हणजे दुसऱ्या दिवशीही न विटणारंच सगळं. रात्रभर विदर्भ एक्स्प्रेस किंवा हावडा मेल, आणि सकाळी व्हीटी. यादीतलं पहिलं स्थळ गाडीतून उतरताच डोळ्यांपुढे यायचं. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं हे स्टेशन बांधत होते. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. त्याच्या कळसांवर ज्या मूर्ती आहेत त्यांत व्यापाराबरोबर शेतीचीही मूर्ती आहे.

यादीतली पुढची भर स्वतंत्र देशाची. १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय, १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट. समोरची टांगती बाग त्याआधीची, १८८१ ची, आणि ती पाण्याच्या टाक्यावर बसवलेली आहे. इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या यादीतलं जवळजवळ सगळं सार्वजनिक होतं. नगरपालिकेची बाग, सरकारचं मत्स्यालय, फुकटचा समुद्र, आणि १९३७ पासून धावणारी दुमजली बस, जिच्या वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसलं की चार आण्यांत शहर पायाखालून सरकायचं. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं आणि फिरणं ही पहिल्यांदा भारी तिकिटाची गोष्ट झाली.

खाण्याचं काय? शिदोरी दुसऱ्या दिवशी संपली की भेळ. मुरमुरे वऱ्हाडाला नवे नाहीत, पण चिंचेचं आंबटगोड पाणी घातलेले, ओले होण्याआधी घाईनं खायचे मुरमुरे हा नवा प्रकार. वडापाव नंतरचा, १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरचा, आणि तो गिरणीच्या पाळ्यांनी वाढवला. गिरणीत पिंजला जाणारा कापूस कुठला, हे पुन्हा सांगायला नको. बर्फाचा गोळा आणखी जुनं पाणी दाखवतो. १८३०च्या दशकात बॉस्टनहून जहाजांत भुशात दाबून बर्फ मुंबईला येत असे. त्यासाठी १८४३ मध्ये किल्ल्यात बर्फघर बांधलं होतं. त्याच जागेवर आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभं आहे. हापूसपुढे मात्र वऱ्हाडी पाहुणा मनातून हरत नाही. पेटीतला आंबा कापून खायचा असतो, आणि त्याला हवा असतो आढीतला गावरान, पिळून काढलेला, गंजभर रस, सोबत कुरडई किंवा सरगुंडे. भाव विचारून तो पेटी एकच घेतो, घरच्यांना दाखवायला.

जऊळक्याच्या आसपासच्या पुष्कळ घरांची यादी मात्र वेगळ्या ठिकाणी सुरू होते, दादरला, चैत्यभूमीवर. तिथला स्तूप १९७१ चा. ६ डिसेंबरची गर्दी वेगळी. उन्हाळ्यात १४ एप्रिल धरून आलं तर राजगृह आणि चैत्यभूमी दोन्ही होतं, आणि थोडे दिवस राहता आलं तर शिवाजी पार्कवर १ मेचं संचलनही पाहायला मिळतं. त्याच दिवशी हुतात्मा चौकात लोक फुलं वाहतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांची ती जागा फ्लोरा फाउंटनच्या शेजारी आहे. कापसाच्या तेजीतलं कारंजं आणि १९६० चं राज्य एकाच चौकात दिसतं.

आज जऊळक्याच्या शिवारात पराटीपेक्षा सोयाबीन जास्त. २००८ मध्ये अकोला–पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला, छोटी गाडी गेली. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूलाही पूर्ण खुला झाला. पोचणं सोपं झालं, यादी मात्र झिजते आहे. तारापोरवाला मत्स्यालय कोविडमध्ये बंद पडलं. जुन्या डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या. राणीच्या बागेत पेंग्विन आले आणि पाच रुपयांचं तिकीट २०१७ मध्ये पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. आजही ते परवडण्यातलं आहे, आणि ते तसंच राहावं यासाठी मुंबईकरांनी भांडावं असं मला वाटतं, कारण ती बाग फक्त त्यांची नाही.

यादीत एक नाव मी घालेन. कुलाब्याचा कापूसबाजार १९२०च्या दशकात शिवडीकडे भराव घातलेल्या जमिनीवर गेला, तिथे गुदामं आणि कापूस एक्स्चेंजची इमारत उभी राहिली, आणि स्टेशनाला नाव पडलं कॉटन ग्रीन. व्हीटीवरून हार्बरची लोकल पकडायची. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, आणि पाचवं कॉटन ग्रीन. सकाळी अकराच्या आधी जावं, गाडीत जागा मिळते.